हळद लागली, साबण लावला, कुंकू झालं!

पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. माणूस बेसिनकडे धावतो, साबण चोळतो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. डाग लाल होतो, शर्टाचा मालक पांढरा पडतो.

घाबरायचं काही कारण नाही. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लात तो पिवळाधमक राहतो, अल्क भेटलं की लाल होतो. साबण अल्कधर्मी, चुनाही अल्कधर्मी. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू बनवायची घरगुती रीत याच रंगबदलावर उभी आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव तर कुंकवाच्या धंद्यासाठीच ओळखलं जातं. तुमच्या शर्टावर घडलं तेही छोट्या प्रमाणातलं कुंकूच. लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा होईल. शाळेत हळदीचा कागद करून आम्ल-अल्क ओळखायचा प्रयोग केला होता ना, तोच हा.

आता डाग घालवायचा कसा? साबणाने त्यातलं तेल काढायचं आणि शर्ट ओलसर असतानाच कडक उन्हात टाकायचा. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही, प्रकाशात त्याचे रेणू तुटतात आणि रंग उडतो. दोन-तीन उन्हं लागतील, पण जाईल. महागडा ‘स्टेन रिमूव्हर’ आणण्याआधी गच्चीची किल्ली शोधा.

ऊन नुसते डागच घालवतं असंही नाही. 1877 साली आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोन इंग्रजांनी पोषक द्राव भरलेल्या काचेच्या नळ्या घेतल्या, काही उन्हात ठेवल्या, काही झाकून. झाकलेल्या नळ्या जंतूंनी गढूळ झाल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. सूर्यप्रकाश जंतू मारतो याचा तो पहिला नीटस पुरावा. आपल्याकडे गाद्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या आणि पापड उन्हात टाकणाऱ्या बायकांना पुराव्याची गरज कधी पडली नव्हती, ही गोष्ट वेगळी. मात्र गादी खिडकीच्या बंद काचेआड ठेवून ‘ऊन दाखवलं’ म्हणू नये. साधी काच अतिनील किरणांतला सगळ्यात प्रखर भाग अडवून धरते.

स्वीडनचा आंबटशौकीन

तांब्या-पितळेची भांडी घासायला मराठी घरात काय काय वापरलं गेलं? चिंचेचा कोळ, पिळून उरलेली लिंबाची सालं, आंबट ताक आणि कोकणात आमसुलं. यातल्या पहिल्या तिघांमधली आम्लं शुद्ध रूपात वेगळी काढणारा माणूस एकच निघाला, यासारखी गंमत नाही. कार्ल विल्हेल्म शेले. स्वीडनमधल्या एका छोट्या गावात औषधं बनवणारा. चिंचेत असतं ते टार्टारिक आम्ल त्याने 1769 च्या सुमारास काढलं, चिंचेतून नव्हे, तर द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत साचणाऱ्या खड्यांतून. ताकातलं लॅक्टिक आम्ल 1780 मध्ये, आंबलेल्या दुधातून. लिंबातलं सायट्रिक 1784 मध्ये. आपण शोधलेलं रसायन चाखून बघायची त्याला खोड होती म्हणतात. 1786 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. चिंच-लिंबापाशी थांबला असता तर बरं झालं असतं.

आंबट पदार्थ भांडं चकचकीत करतात ते कसं? तांबं हवेत काळवंडतं म्हणजे त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. आम्ल हा थर विरघळवतं, खालचं तांबं उघडं पडतं. सोबत चिमूटभर मीठ टाकलं तर काम आणखी झपाट्याने होतं.

मग लगेच दुसरा प्रश्न. चिंच तांब्याला इतकी भिडते, तर तांब्या-पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी कशी करायची? उत्तर: कल्हई. पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघतो, पृष्ठभाग साफ होतो, की कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पसरायची. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून गल्लीच्या कोपऱ्यात बसून, भात्यावर हे काम होऊ शकायचं. या पातळ थरामुळे ताक, आमटी कळकत नाही. म्हणजे एकाच पातेल्याला बाहेरून चिंच हवी असते आणि आतून चिंचेपासून संरक्षण हवं असतं. आणि हो, कल्हईच्या भांड्याला आतून तारेची घासणी लावणाऱ्यांना कल्हईवाल्यांनी मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते इथे छापता येणार नाही.

ओट्यावर लिंबू? जरा थांबा

‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य घरगुती स्वच्छतेच्या क्षेत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. त्याची किंमत बहुतेक वेळा फरशी मोजते.

शहाबादी फरशी, कोटा, स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळाभोर कडप्पा: हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवर हीसुद्धा भूगर्भात भाजून-दाबून निघालेली चुनखडीच. जुन्या चाळींतल्या, वाड्यांतल्या मोझॅकच्या लाद्यांतही संगमरवराचे तुकडे बसवलेले असतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात विरघळतं. व्हिनेगरने पुसलेली शहाबादी फरशी त्या दिवशी स्वच्छ दिसते आणि वर्षभरात तिची झिलई निघून जाते. कडप्प्यावर कापलेलं लिंबू रात्रभर राहिलं तर सकाळी तिथे पांढरट गोल उमटलेला असतो. तो डाग नसतो, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. त्यामुळे घासून तो निघत नाही, कितीही घासा. ग्रॅनाइटला लिंबाचं फारसं वाटत नाही. सह्याद्रीच्या काळ्या दगडालाही नाही, तो बेसाल्ट, लाव्हारसातून घडलेला.

पण हीच खोड दुसरीकडे उपयोगी पडते. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये, इलेक्ट्रिक किटलीत, नळाच्या तोटीवर पांढरा क्षार बसतो ना, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. किटलीत व्हिनेगर आणि पाणी ओतून तासभर ठेवा, फेसाळत निघून जाईल. चुनखडी नळावर बसली तर शत्रू, ओट्यावर असली तर इस्टेट!

फसफस भारी, काम थोडं

मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक ‘घरगुती उपायां’च्या व्हिडिओत एक क्षण येतोच. खाण्याचा सोडा घाला, वर व्हिनेगर ओता आणि बघा कमाल! फसफस होते, पार्श्वसंगीत चढतं.

रसायनशास्त्र मात्र हसत असतं. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघांना एकत्र सोडलं की ते एकमेकांचा निकाल लावतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं सोडियम ॲसिटेट मिसळलेलं पाणी, ज्याला ना चिकटपणा काढता येतो ना क्षार. बुडबुड्यांनी सैल कचरा थोडा हलतो, एवढंच श्रेय. मोरीची जाळी मोकळी होते ती बहुतेक वेळा नंतर ओतलेल्या कढत पाण्याने, आणि टाळ्या मिळतात सोड्याला.

सुटे वापरा, दोघेही कामाचे आहेत. क्षाराला व्हिनेगर. तेलकट, करपलेल्या पातेल्याला सोडा: पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळवा, करप सुटते. गरम केल्यावर खाण्याच्या सोड्याचं हळूहळू धुण्याच्या सोड्यात रूपांतर व्हायला लागतं, आणि धुण्याचा सोडा जास्त कडक अल्क आहे. फक्त पातेलं हिंडालियमचं नको. ॲल्युमिनियमला अल्क मानवत नाही, ते काळं पडतं.

चांदीच्या बाबतीत मात्र हीच ॲल्युमिनियमची दुखरी नस कामाला येते. दिवाळीच्या आधी देवघरातली निरांजनं, वाट्या, अत्तरदाणी काळी पडलेली असतात, कारण हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. बहुतेक घरांत ती दंतमंजनाने घासतात. भांडं उजळतं खरं, पण त्या काळ्या थरात चांदीच असते आणि ती घासली जाऊन मोरीत वाहून जाते, दर दिवाळीला थोडी थोडी. त्याऐवजी भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियम फॉइल पसरा, वर चांदीची वस्तू ठेवा, कढत पाणी आणि सोडा ओता. वस्तू फॉइलला टेकलेली हवी. गंधक चांदीला सोडतं, चांदी जागच्या जागी परत चांदी होते. सडक्या अंड्यासारखा मंद वास आला की समजायचं, जमलं. ऑक्सिडाइज्ड दागिने मात्र यात घालू नका. त्यांचा काळेपणा मुद्दाम दिलेला असतो. तोही निघून जाईल, आणि घरात वादाला नवा विषय मिळेल.

राखेचं पेटंट

चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. गॅस येईपर्यंत खेडोपाडी भांडी घासायचं साहित्य एवढंच, आणि तेही फुकट. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे पुन्हा अल्क. अल्काला तेल-तूप भेटलं की थोडाफार साबण तिथल्या तिथेच तयार होतो. तेलाच्या कढईला राख लावणारी बाई त्या कढईतल्या तेलाचाच साबण करून त्याच कढईला लावत असते. वर राखेचे बारीक कण घासायला आहेतच.

या राखेला एके काळी भलता भाव होता. काच, साबण, बारूद, सगळीकडे तिच्यातला क्षार लागायचा. अमेरिकेने आपलं पहिलं पेटंट दिलं ते 31 जुलै 1790 रोजी, सॅम्युअल हॉपकिन्स याला, आणि ते होतं राखेपासून हा क्षार करायच्या सुधारित पद्धतीचं. त्यावर सही जॉर्ज वॉशिंग्टनची. पुढे 1807 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने याच क्षारापासून बनणाऱ्या कॉस्टिक पोटॅशमधून, विजेच्या साहाय्याने, पोटॅशियम हा धातू वेगळा केला.

आपल्याकडे तर साबणाचा सोडा देणारं अख्खं सरोवर आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या खड्ड्यातलं ते पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी आहे की त्याचा पीएच दहाच्या आसपास जातो. त्याच्या काठचे क्षार शतकानुशतकं गोळा केले जात. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही या जागेची नोंद काच आणि साबणाला लागणारं सगळं मिळण्याचं ठिकाण म्हणून आहे. जून 2020 मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं, तेव्हा लोकांना लोणार पुन्हा आठवलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तर तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.

फेसाची फसवणूक

रिठा फोडायचा, काळं बी काढायचं, साल रात्रभर भिजवायची. सकाळी कुस्करली की फेस. सालीतलं सॅपोनिन तेच काम करतं जे साबणाचा रेणू करतो: एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. रेशमाला साबणातलं अल्क झोंबतं, म्हणून जपून ठेवलेली पैठणी, लोकरीची शाल रिठ्याच्या पाण्यात. सोनारही दागिने उजळायला रिठाच घेतात. शिवाय कठीण पाण्यात साबण कॅल्शियमशी भांडून त्याची साय करत बसतो, सॅपोनिनला त्याचं एवढं सोयरसुतक नाही.

आता उलटी बाजू. हेच सॅपोनिन माशांसाठी विष आहे. ते कल्ल्यांवर मारा करतं, आणि सॅपोनिनवाल्या वनस्पती ठेचून ओढ्यात टाकायच्या, गुंगलेले मासे वेचायचे, ही मासेमारीची जुनी पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे. झाडावरून आलं म्हणून कुणाला काही करत नाही, असं झाडाने कुठेही लिहून दिलेलं नाही. बिब्बा बघा. धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्या बिब्ब्याच्या तेलाने. कितीही धुतल्या तरी न जाणाऱ्या खुणा. शंभर टक्के नैसर्गिक, आणि अंगावर उतला तर फोड!

फेसाबद्दल एक मात्र मनातून काढून टाकलेलं बरं. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असं गणित नाही. घाण पकडतो रेणू. फेस म्हणजे त्याच रेणूने हवा पकडल्याचा देखावा. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी मुद्दाम कमी फेसाची पावडर बनवतात आणि कपडे स्वच्छच निघतात. उरलेला फेस कुठे जातो ते बघायचं असेल तर आळंदीला जावं. सांडपाण्यातल्या साबणी घटकांनी इंद्रायणीवर पांढरे ढग तरंगताना वारकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत वारंवार पाहिले आहेत.

शुभ्रतेचीही अशीच एक हातचलाखी. पांढरे कपडे पिवळट पडतात, आपण नीळ देतो. पिवळेपणा जात नाही. निळ्या छटेमुळे तो डोळ्यांना दिसेनासा होतो. आजच्या पावडरींत याचा आधुनिक अवतार असतो: अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड फेकणारी रसायनं. लग्नाच्या संगीत रात्री जांभळ्या दिव्याखाली काकांचा झब्बा ट्यूबलाइटसारखा चमकतो तो त्यांच्यामुळेच.

संत्र्याची पिचकारी

संत्र्याचं साल फुगवलेल्या फुग्याजवळ धरून पिळा. फट्! सालीच्या तेलातलं लिमोनिन रबराला विरघळवतं. ते तेल, ग्रीस, स्टिकरचा चिकट गोंदही सोडवतं. थर्माकोलसुद्धा त्यात विरतो. जपानच्या सोनी कंपनीने या तेलात थर्माकोल विरघळवून पुन्हा वापरायची पद्धत विकसित केली होती. महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. माळ्यावर जुनं मखर अजून पडलेलं असेल तर प्रयोगाला हरकत नाही, फक्त संत्री पुष्कळ लागतील.

संत्र्या-मोसंब्याच्या सालांचं ‘बायोएन्झाइम’ हल्ली सोसायट्यांच्या गच्च्यांवर मुरत असतं. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, तीन महिने. सुरुवातीला झाकण रोज सैल करायचं, आणि भांडं काचेचं नको, कारण आत वायू होतो आणि बाटली फुटू शकते. यातून निघतं ते मुख्यतः सौम्य व्हिनेगर, थोडा सालीचा अर्क, छान वास. ओल्या कचऱ्याचा उत्तम उपयोग. चमत्कार मात्र नाही, आणि आम्लच असल्यामुळे शहाबादीवर हेही नको.

एक गंभीर परिच्छेद, हसू बाजूला ठेवून

शेलेने आम्लांबरोबर आणखी एक गोष्ट शोधली होती. 1774 मध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मँगनीजचं खनिज एकत्र तापवताना त्याला पिवळसर हिरवा, श्वास कोंडणारा वायू मिळाला, ज्यात पानांचे आणि फुलांचे रंग उडून जात. क्लोरीन. ब्लीचिंग पावडरचा जन्म पुढे यातूनच झाला, आणि 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणात हाच वायू सैनिकांवर सोडला गेला. संडास साफ करायच्या द्रावात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ब्लीच मिसळलं की बंद बाथरूममध्ये तोच वायू तयार होतो. लिंबू किंवा व्हिनेगर आणि ब्लीच, तेही नको. ब्लीच नेहमी एकट्याने, खिडकी उघडी ठेवून.

जाता जाता, भराभर

लक्ष्मीपूजनाला पूजतात ती केरसुणी शिंदीच्या पानांची. अंगणातला खराटा नारळाच्या हिरांचा. दिवाणखान्यातला मऊ फूलझाडू मात्र लांबून येतो, त्याच्या गवताचं मोठं उत्पादन मेघालयात होतं.

वेलीवर वाळू दिलेलं घोसाळं सोलून आतली जाळी काढली की अंग घासायची, भांडी घासायची घासणी तयार. झिजली की कुंडीत टाका. प्लॅस्टिकची घासणी झिजते तेव्हा तिचे सूक्ष्म तुकडे पाण्यात जातात.

डाळ-तांदळाला एरंडेल चोळायची पद्धत अजून टिकून आहे. कीड तेलकट दाण्यापाशी रमत नाही.

उदबत्ती-धुपाने खोलीला वास येतो, खोली साफ होत नाही. उलट हवेतले सूक्ष्म कण वाढतात. देवासाठी लावा, स्वच्छतेच्या नावावर नको.

भाताची पेज म्हणजे सुती साडीची खळ. सुरकुती न पडणारा कडकपणा निव्वळ पिष्टमय पदार्थाचा, डब्यातून फवारायचा ‘स्टार्च’ही तेच काम करतो.

आणि शेवटी पिशवी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये हिशेब मांडला की बाजारातून नवी कोरी सुती पिशवी घेतली, तर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ती हवामानाच्या दृष्टीने निदान 52 वेळा वापरावी लागेल. पाणी, ओझोन असे सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. आठवड्यातून दोनदा मंडईत गेलात तर अडुसष्ट वर्षं! कापूस पिकवणं, सूत काढणं, विणणं यांचा बोजा एवढा मोठा असतो. म्हणून ‘पर्यावरणपूरक’ असं छापलेली नवीन कापडी पिशवी प्रत्येक कार्यक्रमात वाटणं हा उद्योग थोडा गमतीचाच आहे. विटलेल्या साडीची किंवा जुन्या पडद्याची घरी शिवलेली पिशवी या हिशेबातून जवळजवळ सुटते, कारण तिचं कापड आधीच एक आयुष्य जगून झालेलं असतं. तिची अडचण एकच. ती भाजीवाल्यासमोर उभं राहिल्यावर आठवते.